राजानं अंग झटकलं नाही

अंगात येणं, भानामती असलं कुणी सांगायला लागलं, की मी उठून भाकऱ्या थापायला जायचे. मला ते कधी पटलंच नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं...

वेल्ह्याच्या वर, डोंगरात आमची धनगरांची वस्ती आहे. माझ्या मालकांना फिट येते. नसरापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतला आजार आहे, गोळ्या चुकवू नका. गोळ्या चालू होत्या, तरी मधूनच फिट यायची.

आमचा राजा बोकड लहानपणापासून मालकांच्या पायात पायात. फिट यायच्या जरा आधी तो त्यांच्या गुडघ्याला ढुशी द्यायचा आणि वेगळ्याच, चिरक्या आवाजात ओरडायचा. मालक हसायचे, "बायकूपेक्षा बोकडालाच माजी काळजी लई!" पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "त्योच आजार बोलावतुय. द्येवाला दिला की सुटशील." त्यांनी राजाला देवाला कबूल केलं. मला ते पटत नव्हतं. पण घरात माझा आवाज फारसा निघत नाही.

जत्रेच्या दिवशी दुपारी राजाला देवळापुढं उभं केलं. आमच्याकडं आधी बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झटकलं, तर देवानं घेतला. मगच सुरी. मालकांना ते बघवेना. "घागर भरून आणतो," म्हणून ते देवळामागं ओढ्याच्या डोहावर गेले.

पाणी शिंपडलं. राजा ढिम्म. पुन्हा शिंपडलं.

"कानात वता की! कसा नाचत न्हाई बगू," दीर म्हणाले. माणसं हसली.

तेवढ्यात राजा ओरडला... तोच चिरका आवाज. मान देवळाच्या मागं वळवून, दोरीला हिसके देत. मी पदर खोचला आणि धावले.

मालक डोहाच्या अगदी कडेला उकिडवे बसले होते. घागर पाण्यावर तरंगत चाललेली, नजर थिजलेली. काखेत हात घालून मी त्यांना मागं ओढलं — आणि तिथंच त्यांचं अंग ताठ झालं, झटके सुरू झाले.

मागून माणसं आली. एकानं नाकाला लावायला चप्पल काढली.

"सरा लांब! वारं येऊ द्या त्यास्नी!" मी ओरडले. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी ठेवली.

शुद्धीवर आल्यावर ते पुटपुटले, "कापला का गं?"

"न्हाई."

आत्याबाई लेकाचे तळवे चोळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अंग झटकलं न्हाई त्यानं. द्येवाला नगं आसंल. नारळ फोडू." आणि माझ्याकडं बघून, "तुजा आवाज येवढा मोटा हाय व्हय गं?"

डॉक्टरांना मी हे सगळं लाजत लाजत सांगितलं. ते म्हणाले, फिटच्या आधी माणसाच्या अंगाचा वास बदलतो, तो काही कुत्र्यांना कळतो म्हणतात. बोकडाचं काही ऐकलं नाही. गोळ्या मात्र बदलून दिल्या. पण वासच म्हणावा, तर त्या दिवशी मधे अख्खं देऊळ, धुपाचा धूर, आणि वारा तर डोहाकडं वाहत होता... मग राजाला कळलं कसं? मला अजून उमगलेलं नाही.

आता मालक राजाला घेऊनच रानात जातात. दोघं टेकाडापलीकडं दिसेनासे झाले, की मी आत येऊन चूल पेटवते.