वाणाच्या पिशव्या

माझी मोठी जाऊ गोड बोलायला लागली की मी आधी कान टवकारते. संक्रांत तोंडावर आली होती. दुपारची ती माझ्या मागच्या पडवीत आली, दोरीवर वाळत घातलेल्या पिशव्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, "काय गो, किती सुरेख केल्यास!" म्हणजे काम होतं.

कोऱ्या कॅन्व्हासच्या पिशव्यांवर मी अ‍ॅक्रिलिक रंगाने चित्रं उठवते. माड, होडी, सुरमई. दिवेआगरला येणारे पाहुणे त्या खांद्याला लावून समुद्रावर मिरवतात. इतके दिवस जाऊबाई त्याला "तुझी रंगरंगोटी" म्हणायची. आता तिच्या मुलाचं लग्न झालेलं, सुनेची पहिली संक्रांत, आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून सगळ्यांसारखे प्लॅस्टिकचे डबे द्यायला बाईसाहेबांना लाज वाटत होती.

"पिशव्या तू कर," ती म्हणाली. "आणि यंदा मागे बसायचं न्हाय हां. पुढच्या खोलीत, सगळ्यांत बसायचं. मी स्वतः तुला कुंकू लावीन. आता कोण पाळतं हे सगळं?"

आमचं घर एकच, मध्ये भिंत घातलेली. हे गेल्यापासून भिंतीपलीकडे हळदीकुंकू व्हायचं, बायका हसायच्या, आणि मी अलीकडे वालाच्या शेंगा सोलायची. एरवी मी कोणाला भीक घालत नाही. पण मला कुंकू लावून घ्यायचं होतं. उगाच खोटं कशाला बोलू? आरशासमोर आपली आपण टिकली लावतो तसं नव्हे. दुसऱ्या बाईच्या बोटाने, चारचौघींत, नाव घेऊन. मी हो म्हटलं.

पिशव्या करायला तिची सून माझ्याकडे यायला लागली. म्हसळ्याची पोरगी, हौशी, आणि तोंडात तीळ भिजत नाही अशी. मी तिला शिकवलं. पिशवीच्या आत पुठ्ठा सरकवायचा, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो. वर चित्राचा आकार कापलेला साचा ठेवून चिकटपट्टीने घट्ट करायचा. स्पंजला रंग लावायचा, आधी रद्दीवर टिपायचा आणि मग वरून ठोकायचा. घासलास की मेलीस! रंग साच्याखाली शिरतो आणि माडाचा केरसुणा होतो. पहिल्या पिशवीचा तिने केरसुणाच केला. मी म्हटलं, "ही तुझ्या सासूला दे." खो खो हसली.

साचे मी एक्सरेच्या फिल्मचे कापते. पुठ्ठा रंगाने भिजून लिबलिबीत होतो, बाजारातला पातळ प्लॅस्टिकचा कागद कटरखाली सरकतो. एक्सरे जाड, ताठ, ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा नवा. आणि घरात ढीग होता. हे छातीच्या दुखण्याने गेले. अलिबागला नेऊन नेऊन फोटो काढले. डॉक्टर फोटो उजेडात धरायचे, मान हलवायचे, आम्ही परत यायचो. त्या फोटोंचा माणसाला काही उपयोग झाला नाही. म्हटलं, आता तरी होऊ दे.

"काकू, हा काकांचा का?" सुनेने विचारलं.

"नाही, शेजाऱ्यांचा. चोरून आणला."

तेव्हाही हसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला तर नव्हतंच वाटलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले. जाऊबाई मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "जरा थांब हां, मी बोलावते. आधी म्हसळ्याची मंडळी बसू देत." म्हटलं, बसू देत. मी पडवीत बसले. सुनेची आई आली, आळीतल्या बायका आल्या, नावं घेतली गेली, तिळगूळ वाटला गेला. मला हाक नाही. मग वाण निघालं आणि पलीकडून अहाहा सुरू झालं. "अगं बाई, किती नाजूक काम!" कोणीतरी विचारलं, कुठून आणल्या? जाऊबाईचा आवाज आला, "अलिबागहून मुद्दाम मागवल्या. तिथे एकजण करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! आणि वैद्य आपला पडवीत साडी सावरत बसलाय. उठून आत जावं की घरात जाऊन दार आपटावं, ते ठरेना.

तेवढ्यात सून धावत आली. काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने, गाल लाल. "काकू, आई काय पण सांगतात! मी दाखवते सगळ्यांना." आणि माडाचा साचा उचलून ती आत पळाली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

"आमच्या काकूंनी केल्यात," ती आत सांगत होती. "आणि मीसुद्धा. हे बघा, असा साचा ठेवायचा." नीट दिसावा म्हणून तिने तो खिडकीशी धरला. मी तिच्यामागे जाऊन दाराच्या फटीतून बघत होते. ऊन आरपार आलं. मध्ये कापलेला माड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बरगड्या.

"हा एक्सरे कोणाचा?" तिच्या आईने विचारलं.

"काकांचा," पोरगी म्हणाली. "जे वारले ते."

मग तिची आई उठली. लेकीच्या हातातला साचा तिने काढून खाली टाकला, तिला ओढत मोरीवर नेलं आणि तिचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. "सवाष्णींना मेलेल्या माणसाच्या छातीचं वाण देता?" ती तिथूनच ओरडली. "माझ्या मुलीची पहिली संक्रांत आहे!" जाऊबाई रडवेली होऊन म्हणाली, "मला काय ठाऊक? या अवदसेने माझ्या घरात हे आणलं." भिंतीला कान नसतात असं वाटलं असेल तिला. मी तर दारात उभी होते.

बायका उठायला लागल्या. कोणी भांडली नाही. पिशवी मात्र प्रत्येकीने सतरंजीवर ठेवली. एकीने आत टाकलेला तिळगूळ आधी काढून घेतला.

मग मी आत गेले. पुढच्या खोलीत, मधोमध, मांडी घालून बसले. "बोलावलं होतंस ना?" जाऊबाईला म्हटलं. "आले. लाव कुंकू."

ती तोंड फिरवून देवघराकडे गेली. मी हलले नाही. माझ्या भोवती माडच माड पडले होते, एकाची कड फाटलेली नाही, एकाचा रंग पसरलेला नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

सून मोरीवरून आली. डोळे सुजलेले, हलव्याचा हार एका बाजूला तुटलेला. तबक चौरंगावर तसंच होतं. तिने माझ्याकडे बघितलं, तबक उचललं आणि माझ्यासमोर येऊन टेकली. करंड्यात बोट बुडवलं. मी पदर सारखा केला आणि मान जरा पुढे केली. बोट माझ्या कपाळाजवळ आलं.

"अगं!" दारातून तिची आई म्हणाली. एवढंच.

पोरीचं बोट तिथेच थांबलं. मग तिने ते सतरंजीवर पडलेल्या एका पिशवीला पुसलं, तबक उचललं आणि आत गेली.