पॉलिशवाल्यांचा नारळ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. हे लिहिण्याइतका मी मोठा आहे का, ठाऊक नाही. शब्द चुकले तर माफ करा. पण ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही.

"नारळाला हात लावू नको. तिथूनच बोल."

घाटकोपरच्या कारखान्यात शेठ माझ्या वडिलांना हे म्हणाला. तिथे पितळी मूर्तींना पॉलिश व्हायचं. आबा मशीनवर. गणपती, लक्ष्मी, सगळे त्यांच्या हातांतून चकचकीत होऊन जायचे.

चार महिने कुणालाच पगार नव्हता. हजेरीचा कागदही नव्हता. शेवटी शेठनेच तडजोड काढली. कामगार बहुतेक कोकणातले, नारळ उचलून खोटं बोलणार नाहीत, हे त्याला माहीत. नारळ उचला, थकलेला पगार सांगा, पैसे घ्या. परबकाकांनी उचलला, पैसे घेतले. मग आमची पाळी; त्या दिवशी मी आबांसोबत गेलो होतो. आम्ही बौद्ध.

शेठचं वाक्य संपायच्या आत आबा मागे सरले होते. सवयीने. शेठच्या शब्दांपेक्षा ते मागे सरणंच मला आजही झोपू देत नाही.

"चार महिने, शेठ," आबा म्हणाले.

"शपथ नाही, काही नाही. कसं मानू? निम्मे घे. तुम्हाला सरकार देतंच की!"

कुणीतरी हसलं. आबांचा हात पुढे झाला. मी तो धरला.

"नको, आबा. पुरे पैसे घेऊ."

"सोड रे. घरी काय सांगू?"

"कॉलेजची हवा लागली पोराला!" शेठ म्हणाला.

रिकाम्या हाताने निघालो. मी लेबर ऑफिसात तक्रार लिहून दिली. तारखा पडत गेल्या, शेठ येईना. आबा येत, पण बाकावर जागा असूनही भिंतीपाशी उभे राहत. "बसा ना." "असू दे." पॉलिशच्या धुळीने लागलेला खोकला पावसाळ्यात वाढला आणि ते गेले. पुढच्या तारखेला मी एकटा गेलो. पुढच्या बाकावर बसलो.

परवा परबकाका घरी आले. आबांचा पगार बाकी असल्याचं त्यांनी लेबर ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. शेठ घाबरला होता.

"शेठ पुरे पैशे दितलो म्हणता. पण तक्रार मागे घेवक होयी. आणि पैशे कारखान्यात येवन न्हेवचे."

"लेबर ऑफिसात द्या म्हणावं. साहेबांसमोर, आबांचं नाव घेऊन. त्याआधी तक्रार मागे नाही."

"आणि नाय दिल्यान तर?"

"तर मी पुढच्या तारखेलाही जाईन."