गाठ न मारता बांधलेली बोट

आमची दवाखान्याची बोट लहान आहे. तिच्या कडेला एक लोखंडी वस्तू बसवली आहे, मधे आखूड बुंधा आणि दोन्ही बाजूंना निघालेली शिंगं. काठावरचा दोर तिच्यात अडकवला की बोट थांबते. तिला सगळे क्लीट म्हणतात. बोट चालवणारे दादा घरी पावरी बोलतात, माझ्याशी मराठी बोलतात, पण क्लीट दोन्हीकडे क्लीटच.

मी रनाळ्याची, शेतकऱ्याची मुलगी. नर्स म्हणून नर्मदेच्या बॅकवॉटरवर नेमणूक झाली तेव्हा मला पोहता येत नव्हतं, आणि बोट म्हणजे काय ते फक्त चित्रात पाहिलेलं. पहिल्याच दिवशी दादांनी दोर बुंध्याभोवती एक वेढा फिरवला, मग शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन-तीन वळसे दिले आणि उतरून सरळ चालू लागले. मी ओरडले, "अहो, गाठ?" ते म्हणाले, "गाठ नाही मारायची, सिस्टर. बोट ओढेल तसा दोर स्वतःच आवळतो. आपल्याला जायचं असेल तेव्हा हाताने निघाला पाहिजे." माझा विश्वास बसला नाही. कितीतरी दिवस मी पाड्यावर लसी टोचताना अर्धा जीव काठावर ठेवून असायची.

मग एकदा, टेकडीवर चढल्यावर फोनला रेंज आली तेव्हा, तो शब्द शोधला. फार जुना इंग्रजी शब्द निघाला. मूळ अर्थ गोळा, नाहीतर पाचर, आणि मातीच्या ढेकळाच्या इंग्रजी नावाशीही त्याचं लांबचं नातं. खेळाडूंच्या बुटांच्या तळाला जे उंचवटे असतात तेही क्लीट. जुन्या घरांत भिंतीवरून जाणारी वायर धरून ठेवणारे चिनी मातीचे ठोकळे, तेही क्लीट. आश्रमशाळेच्या झेंड्याच्या खांबाला खाली दोरी गुंडाळायला जे असतं तेही तेच. म्हणजे सरकणारं काहीतरी जागेवर थोपवायचं, एवढंच यांचं काम. आपल्याकडे खुंटा आहे, खुंटी आहे, मेख आहे. पण खुंट्याला गाठ लागतेच. गाठीवाचून धरून ठेवणारी वस्तू आमच्या कोरडवाहू गावाला कधी लागलीच नाही, तर शब्द कुठून असणार?

हे मी वडिलांना, म्हणजे नानांना, फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं. ते खो-खो हसले. "ढेकूळले कोन बांधस वं? त्या बोटले काय खायाले घालतस, सरकीनी ढेप?"

हसणं तेवढंच. बाकी त्या वर्षी आमच्या फोनवर एकच विषय असायचा. आई गेल्यापासून नाना घरात एकटे होते. सवयीने दोन माणसांच्या दोन भाकरी थापायचे, एक उरायची. रनाळ्याजवळच्या उपकेंद्रात जागा रिकामी झाली होती आणि नानांनी धोशा लावला होता, "आते बस व्हयनं बेटा. बदली मागी ले. घर चाल." मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. खरं सांगायचं तर मी निम्मी तयार झाले होते. नाना एकटे जेवतात हे आठवलं की घास गिळवत नसे. दुसरीकडे, मी गेले तर या काठावर नवी नर्स कधी येईल याचा भरवसा नव्हता. शेवटी म्हटलं, नाना, दिवाळीनंतर तुम्हीच इकडे या. जाताना उत्तर घेऊन जा.

ते आले. दादर ज्वारीचं पीठ, लाल मिरची आणि शेव, एवढं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी फेरीला मी त्यांना बोटीवर बरोबर नेलं. धरण भरलेलं, त्यामुळे पाणी डोंगराच्या पार पोटापर्यंत चढलेलं. नाना मधोमध बसून होते, दोन्ही हातांनी बाक धरून.

एका पाड्याखाली आम्ही थांबलो. तिथे काठावरच्या सागाच्या खुंटाला दोराचं एक टोक कायमचंच आवळून बांधलेलं आहे, दुसरं टोक आपण क्लीटवर घ्यायचं. दादा आणि मी औषधं घेऊन वर गेलो. नाना बोटीत राहिले. वारा सुटला होता.

आता नाना कोण? ज्यांच्या हातचं जनावर आयुष्यात कधी सुटलं नाही, असा माणूस. त्यांनी तो नुसता गुंडाळलेला दोर पाहिला. लेकीची बोट वाहून गेली तर? दोर घट्ट बसावा म्हणून त्यांनी वळशांवर पाणी मारलं आणि वरून बैलाला बांधतात तशी गाठ मारली. एकीवर दुसरी. पाय रोवून आवळली.

खाली आलो तेव्हा मागोमाग पाड्यातल्या माणसांनी बांबूच्या झोळीतून एका बाईला आणलं. बाळंतीण होती. बाळ घरीच झालं होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. बाळ तिच्या सासूच्या कडेवर. मी सुई टोचली, सलाइन लावलं, दादांना म्हटलं, "काढा लवकर!" पलीकडे, सडक संपते त्या काठावर, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती.

दोर निघेना. वाऱ्याने बोट बाहेर ओढून ओढून गाठीचा दगड केला होता. दादांनी नखं मोडली. नाना पुढे झाले, दातांनी ओढू लागले. मी तिच्या पोटावर हात दाबून बसले होते आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला नानांचा भयंकर राग आला. शेवटी झोळीवाल्यांपैकी एकाने पाण्यात उतरून कोयत्याने दोर तोडला. आम्ही निघालो. कोयता काठावरच राहिला आणि क्लीटवर गाठीचा तो गोळा तसाच.

सगळी वाट नाना ती गाठ उचकटत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

पलीकडच्या काठावर लोकांनी तिथला दोर फेकला, पण तो घ्यायचा कशावर? एकच क्लीट, तीही अडलेली. वारा बोटीला काठापासून लांब ढकलत होता आणि इतक्या हलत्या फळीवरून झोळी नेता येईना. तेव्हा नानांनी तो दोर उचलला. पाठीवरून घेतला, बोटीच्या कडेला दोन्ही पाय रेटले आणि मागे रेलून बसले. म्हणाले, "लई जा तिले. मी धरेल शे." आम्ही तिला नेलं, सासूला नेलं, बाळाला नेलं. बोट हलली नाही. माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही.

परतल्यावर मी त्यांचे तळहात पाहिले. कातडी निघाली होती. मी मलम लावत असताना दादांनी ब्लेडने गाठ कापून काढली आणि नवा दोर आणला. रात्री निरोप आला, आई-बाळ दोघंही ठीक आहेत. माझा जीव भांड्यात पडला. नाना मात्र भिंतीकडे तोंड करून निजले होते, आणि झोपले नव्हते हे मला श्वासावरून कळत होतं.

सकाळी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं. इथेच राहायचं माझं ठरलं होतं, आणि ते त्यांना तोंडाने सांगावं लागणार याचीच मला भीती वाटत होती. नाना आत बसले आणि जीपवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "नाना, बदलीचं म्हणाल तर, मी..."

"मी काय इचारं का तुले?" नाना म्हणाले. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मी तं तुले भेटाले येल व्हतू. भेटी लिधं."

मला रडू फुटलं, तिथेच, जीपमधल्या सगळ्या लोकांसमोर. नाना रडले नाहीत. ते समोर बघत होते. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "आते भाकर एकच करसू."