मंतीने मिळवून दिलेला पाट

लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मांडव्याच्या आमच्या वाडीत माझ्या मोदकांनी इतिहास घडवला. मोदकपात्रात जाताना मोदक, बाहेर येताना खीर! सासूबाईंनी आळीतल्या बायकांसमोर हुकूम सोडला, "सूनबाई, पुढच्या वर्षी तू नारळ खव. मोदकांना हात लावायचा नाही." नारळ खवणारी सून म्हणजे नाटकातला भालदार. उभं राहायचं, बोलायचं नाही. मोदकांच्या पाटावर पुन्हा बसायला मिळावं म्हणून वर्षभर माझा जीव तळमळत होता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी सासऱ्यांचे एक स्नेही हवापालटाला आले. मूळचे बुखाऱ्याकडचे, मुंबईत सुक्या मेव्याचे व्यापारी, दाराची चौकट भरून टाकणारा देह. समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या आणि पाहुणे अडकले. श्रावणात आमच्याकडे मटण-मासळी बंद. एक दिवस वरणभाताकडे बघत ते सासूबाईंना म्हणाले, "मांजी, एक बार मंती खिलाऊँगा. कद्दू की भी बनती है."

"त्यांच्याकडचे मोदक गं," मामंजींनी खुलासा केला. झालं! मोदक म्हटल्यावर सासूबाई गप्प बसतात होय?

लाल भोपळा, कांदा, मिरपूड असं सारण झालं. "कांदा? देवाच्या भांड्यात?" असं म्हणून सासूबाईंनी मोदकपात्र लपवलं. मग मागच्या पडवीत चूल मांडून पातेल्याच्या तोंडावर मामंजींचं जुनं धोतर बांधलं. ते तितकंसं जुनं नव्हतं, असं मामंजी शेवटपर्यंत म्हणत होते.

पाहुण्यांनी कणकेच्या पातळ चौकोनी पारीवर सारण ठेवलं, समोरासमोरचे कोपरे चिमटले, टोकं जोडली. सासूबाईंना ते बघवेना.

"अगं बाई, ही कसली पुरचुंडी! कळ्या कुठायत?"

त्या शेजारी पाट टाकून बसल्या. सवयीने तेलपाण्याची वाटी ओढली, बोटं बुडवली आणि अशा देखण्या कळ्या पाडल्या, की पाहुणे दाढीवरून हात फिरवत बघतच राहिले. मला म्हणाल्या, "तू त्यांच्यासारखं बोचकं बांध. माझ्या वाटीला शिवू नकोस." मी आपली बोटांना कोरडं पीठ लावून कोपरे चिमटत राहिले.

झाकण उघडलं. माझी बोचकी जशीच्या तशी, तुकतुकीत. सासूबाईंच्या कळ्या मात्र कमळासारख्या उमलल्या होत्या आणि भोपळा धोतरभर!

पाहुणे पोट धरून हसले. "मांजी, तेल लगाया? फिर आटा चिपकेगा कैसे?"

तांदळाच्या उकडीला तेलाचं बोट लागतंच. कच्च्या कणकेच्या कडा त्याने सुटतात, हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

सासूबाईंनी माझी एक मंती दह्यात बुडवून खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी उचलताना म्हणाल्या, "कणकेचं काय, कुणालाही जमतं."

मी दह्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"चतुर्थीला लवकर ऊठ. उकड मळायचीय. आणि पाट माझ्याशेजारी मांड, म्हणजे लक्ष राहील."

त्या चतुर्थीला माझे मोदक फुटले का? फुटले की! पण पाटावर बसून फुटले. सासूबाईंनी ते गुपचूप पाहुण्यांच्या पानात सरकवले, आणि ते बिचारे प्रत्येक मोदकाला "वाहवा" म्हणत राहिले.