अक्काचा कोल्हा बोलायचा

मी शाळेत शिकवते आणि मला माइक लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी मैदानातल्या शेवटच्या रांगेलाही माझा शब्द न् शब्द ऐकू जातो. नव्याने आलेल्या एखाद्या मॅडम विचारतात, एवढा आवाज कुठून आणलात? मी सांगते, मागाच्या कारखान्यातून. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. पण मी थट्टा करत नसते, उलट थोडी मिरवत असते.

सोलापुरात आमची भाड्याची एकच खोली होती आणि तिची मागची भिंत यंत्रमागाच्या कारखान्याची होती. भिंतीपलीकडे टॉवेल आणि चादरी विणल्या जायच्या, वडील तिथेच मागावर होते. खटाखट, खटाखट, दिवसभर तेच. शेल्फावरचे पेले त्या ठोक्यावर हलायचे. घरात हळू बोलण्याची सोयच नव्हती. आई मीठ मागायची तरी भांडण चाललंय असं वाटायचं. कुणाला गुपित सांगायचं असेल तर आम्ही गल्लीच्या टोकाला जायचो.

अशा घरात वडिलांनी टीव्ही आणला. वापरलेला, काळा-पांढरा, पण आमचा स्वतःचा. रविवारी सकाळी त्यावर कार्टून लागायचं आणि रविवारी कारखाना चालू असायचा, कारण त्याची सुट्टी भलत्याच वारी होती. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं तरी आम्हाला मागांखेरीज काहीही ऐकू यायचं नाही. मी पहिल्याच रविवारी रडले. कामावर निघता निघता वडील म्हणाले, "चित्र दिसतंय नव्हं? मग बास की."

चित्रात एक लुकडा कोल्हा एका लठ्ठ कोंबडीच्या मागे लागलेला होता. फाटकाशी एक कुत्रा राखणीला बसलेला. मी नाक पुसत बघत होते आणि शेजारी माझी मोठी बहीण, म्हणजे अक्का, चादरीच्या टोकाचे गोंडे वळत बसली होती. ते काम ती घरी आणायची, शाळेतून आली की आणि रविवारी. तिने मान वर न करता तोंड उघडलं आणि कोल्हा बोलायला लागला.

"या ताई या, बसा. घ्या न्हाय घ्या, बघायला काय जातंय?"

नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानातला माणूस! हुबेहूब तोच. पायरीवरून जाणाऱ्या बाईला हात जोडून आत ओढणारा, गोड, चिवट आणि थोडा लबाड. माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मग फाटकावरचा कुत्रा गुरगुरला, "कौन है रे? किधर कू जारा?" हा कारखान्याचा राखणदार चाचा होता. आणि कोंबडीला कोल्हा दिसताच ती पंख झाडून ओरडली, "अय्यय्यो, येन माडली! आता मी काय करू गं बाई!" ही तर दक्षिणेकडच्या खेड्यांतून पाटीत भाजी घेऊन येणारी मावशी, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी, भाव पाडून मागितला की छाती पिटणारी.

पुढच्या रविवारी आमच्या उंबऱ्यापर्यंत पोरं बसलेली होती.

अक्का ओरडायची नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. ओरडणारा माणूस मागांपुढे टिकत नाही, घसा बसतो. ती पोटातून बोलायची आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शब्द बरोबर टाकायची. कोल्हा पळायला लागला की त्याची पावलं मागाच्या ठोक्यावर पडायची. लोकांच्या कार्टूनला कुठल्या कुठल्या देशातले वाजंत्री वाजवत होते म्हणे. आमच्या कार्टूनला आमचे वडील आणि त्यांचे जोडीदार भिंतीआडून साथ करत होते, आणि ती साथ कधी चुकली नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका घरी रंगीत टीव्ही आला. तिथे मागांचा आवाज पोहोचत नव्हता, कार्टून रंगासकट, आवाजासकट. त्या रविवारी आमचा उंबरा रिकामा राहिला. मला इतका राग आला की मी दार लावून घेणार होते. अक्का गोंडे वळत राहिली. कार्टून अर्ध्यावर आलं असेल नसेल, एकेक पोरगं परत यायला लागलं आणि काही झालंच नाही अशा थाटात आपापल्या जागेवर बसलं. एकजण म्हणाला, "तितं नुसतं पीं पीं वाजतंय. कोण बोलतच न्हाय." अक्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पडद्यावरच्या कोल्ह्याने हात जोडले, "या, या! तिकडं च्या बी पाजला न्हाय व्हय?"

मी त्या दिवशी जी मान ताठ केली ती अजून तशीच आहे.

वीज गेली की माग थांबायचे आणि टीव्हीही जायचा. एकदम शांत. आम्ही कावरेबावरे व्हायचो. तेव्हाही अक्का कोल्ह्याला वाऱ्यावर सोडायची नाही. काळ्या काचेकडे बघत ती गोष्ट पुढे न्यायची, आणि आम्हीही काचेकडेच बघत बसायचो.

मग अक्काचं लग्न झालं आणि ती वळसंगला गेली. सासर चांगलं, शेतीवाडीचं, माणसं साधी. पण त्या घरात आवाज म्हणून नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला जेवायला हाक मारली आणि पलीकडच्या शेतातला गडी हातातलं काम टाकून आला, असं सगळे हसत सांगायचे. सासूबाईंनी मात्र तिला जवळ बसवून सांगितलं, "यव्वा, हितं माग न्हाईत. हळू बोल." त्या रागावल्या नव्हत्या, त्यांच्या घरची रीतच तशी. अक्काने ऐकलं. अंगावरचे दागिने उतरवून डब्यात ठेवावेत तसा तिने आवाज उतरवून ठेवला. नंतर फोन आले, तेव्हा तिच्याशी बोलताना मला कायम स्पीकर लावावा लागायचा. मला चीड यायची. त्या भल्या सासूबाईंचीही आणि निमूट ऐकणाऱ्या अक्काचीही. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, "आगं, इतं कुणावर आवाज चढवायचा? सगळी ऐकत्यात की."

इकडे मी मात्र अक्काच्या कोल्ह्याची ख्याती सांगत सुटले होते. नवऱ्याला, स्टाफरूममध्ये, आणि सगळ्यात जास्त माझ्या मुलीला. बाकीच्या बायका लहानपणीच्या कार्टूनची सुरावट गुणगुणायला लागल्या की मी म्हणायचे, तुमच्याकडे सुरावट होती, आमच्याकडे अक्का होती. मुलगी कॉलेजात गेली तशी ती या वाक्यावर डोळे फिरवायला लागली.

गेल्या दिवाळीत तिनेच मोबाईलवर ते कार्टून शोधून काढलं. तोच कोल्हा, तीच कोंबडी. जन्मात पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला. पातळ पीं पीं, धप्प, टण्ण, आणि संपलं. कोणीही एक अक्षर बोलत नव्हतं.

"आई, हे मुकं आहे," मुलगी म्हणाली. "तू इतकी वर्षं सांगतेस ते हे?"

"हे नव्हे, अक्काचं वेगळं होतं."

"मग मावशी माझ्यासमोर कधी का नाही करत? तू ना, फेकतेस थोडं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिथल्या तिथे वळसंगला फोन लावला. म्हटलं, अक्का, ही तुझी भाची मला थापाडी म्हणतेय, दोन वाक्यं कोल्ह्याची म्हण. अक्का तिच्या त्या नव्या, बारीक आवाजात हसली. "जाऊ दे की. लहानपणचं खूळ ते. आता कुटं येतंय मला." मुलीने माझ्याकडे बघून ओठ मुडपले. मला थापाडी ठरण्याचं एवढं लागलं नाही. अक्काने त्याला खूळ म्हटलं, ते मात्र आत रुतलं. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं जे काही आहे त्यातलं पहिलं तेच होतं, आणि जिने ते दिलं तीच त्याला खूळ म्हणत होती.

यंदा अक्काच्या मुलाचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला सगळे वळसंगहून नव्या पेठेत आले. मी आणि मुलगी थेट दुकानातच गेलो. पांढऱ्या गादीवर अक्का, तिची जाऊ, जावेची छोटी नात आणि मधोमध सासूबाई. त्या आता खूप थकल्या आहेत, पण मानाच्या साड्या त्यांच्याच पसंतीने घ्यायच्या हे ठरलेलं. साड्यांचा ढीग गुडघ्याला लागला तरी पसंती काही होईना. छोटी कंटाळली. मोबाईल बंद पडला, बिस्कीट खाऊन झालं, मग तिने भोकाड पसरलं. घरी चला, एवढंच. जाऊ उठून निघायच्या बेतात आली.

दुकानात भिंतीवर टीव्ही होता. गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी त्यावर कार्टून लावून ठेवलेलं, आवाज बंद करून, नाहीतर विकणाऱ्यांचं बोलणं कसं ऐकू जाणार? आमचा कोल्हा नव्हता. एक गबदूल अस्वल मधाच्या पोळ्याकडे निघालं होतं आणि एक बदक त्याच्या वाटेत आडवं येत होतं.

सेल्समन आणखी एक गठ्ठा सोडत म्हणाला, "घ्या न्हाय घ्या ताई, बघायला काय जातंय?"

मी अक्काकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला होता. हातातल्या साडीच्या काठावरची नजर न उचलता ती छोटीला म्हणाली, "बघ, त्ये अस्वल काय म्हणतंय."

आणि अस्वलाने बदकाला हात जोडले. "या ताई या, बसा. कुटल्या गावच्या? मध दाखवू? घ्या न्हाय घ्या, बघायला काय जातंय?"

सेल्समनचा हात साडीसकट हवेत राहिला. शेजारच्या गादीवरच्या बायका वळल्या. छोटी रडायची थांबली आणि टीव्हीकडे बघायला लागली. आता बदकाची पाळी होती, आणि मी पटकन सासूबाईंकडे पाहिलं. कारण ते बदक कोणत्या आवाजात बोलणार हे मला माहीत होतं. लहानपणी कोंबडीला लावलेला तो आवाज भाजीवाल्या मावशीचा होता. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, की अक्काच्या सासूबाई अगदी तशाच बोलतात.

अक्काला मात्र थांबता आलं नाही. "अय्यय्यो, येन माडली! आता मी काय करू गं बाई!"

छोटी खिदळली. जावेने पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी मांडीवरची साडी बाजूला ठेवली, मान हळूहळू सुनेकडे वळवली. अक्काचा चेहरा पडला. ती पुटपुटली, "अत्ती, मी आपलं पोरीसाठी..."

"थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या. "मुंद येनातु? पुढं काय झालं त्या बदकाचं?"

अक्काने घाबरत दोन वाक्यं म्हटली, त्या वळसंगच्या बारीक आवाजात. सासूबाईंनी कानामागे हात धरला. वैतागल्या.

"काय पुटपुटतीस? मला ऐकू येत न्हाय आता. मोठ्यानं बोल की, यव्वा. मोठ्यानं."

अक्काने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मांडीवरची साडी दूर सारली, पाठ सरळ केली आणि पोटातून आवाज लावला. अख्खं दुकान दणाणलं. अस्वल पळालं, बदक मागे लागलं, कुठूनतरी राखणदार चाचा आला, "कौन है रे?" म्हणत. पायरीवरून जाणारी माणसं आत डोकावली. सेल्समन गठ्ठा खाली ठेवून गादीच्या कडेला बसला. सासूबाई हसून हसून डोळे पुसत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, ते बदक असं का बोलतंय, कुठल्या गावचं आहे?

मुलीने माझा दंड घट्ट धरला होता. "आई," ती कानाशी म्हणाली, "तू कमीच सांगितलं होतंस."

मी काहीतरी म्हणणार होते, पण अक्काचं बोलणं चालू होतं आणि आमच्या घरी त्या वेळी मध्ये बोलायची पद्धत नाही.