कळांचं सलाईन

माझ्या नणंदेला धुळ्याच्या दवाखान्यात कळांचं सलाईन लावलं, तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. डॉक्टरांना ते माहीत होतं, माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिला मात्र सांगायचं नाही असं ठरलं. ठरवलं आबांनी आणि पाळलं मी.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही अमळनेरला राहत होतो. नणंद बोदवडला दिलेली, पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली होती. सासूबाई ती तान्ही असतानाच वारल्या, त्यामुळे आईच्या जागी मी. तिच्याहून पाच वर्षांनी मोठी आणि एका बाळंतपणाचा अनुभव गाठीला, एवढीच माझी लायकी. मी जळगाव शहरातली, मला अहिराणी धड येत नसे. म्हणून ती पहिल्या दिवसापासून माझ्याशी मुद्दाम पुस्तकातली मराठी बोलायची. "वहिनीसाहेब, आपण चहा घेणार का?" असं विचारून खुदकन हसायची. थट्टेची पुढे सवय झाली आणि माझ्याशी ती तशीच बोलत राहिली.

दिवस उलटून गेले म्हणून चैत्रातल्या एका सकाळी पहिल्या एस.टी.ने आम्ही तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि आबांना व मला व्हरांड्यात बोलावलं. बाळाचे ठोके लागत नाहीत, म्हणाले. दोनेक दिवस झाले असावेत. आता सलाईनमधून औषध देऊन कळा आणायच्या आणि मोकळं करायचं. आबांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"तिले काही सांगानं नही," ते म्हणाले. "समजनं तर हातपाय गाळी बसी ती. जोर कथाईन आनी? बोदवडवाला येतीन, मंग देखू."

कळलं तर ती जोर कुठून आणणार, हे मला पटलं. पटायला माझं स्वतःचं एक कारण होतं, ते मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. दोन दिवसांपूर्वी पोळ्या लाटताना ती म्हणाली होती, "वहिनी, आज हालचाल कमी वाटते." मी तव्यावरून नजर न काढता म्हणाले, "जागा कमी पडते गं आता त्याला." तिला खरं सांगायचं म्हणजे हे वाक्यही तिच्यासमोर येणार होतं. मी घाबरले होते. आबांचा हुकूम मला सोयीचा पडला.

खोलीत तीन खाटा होत्या. सिस्टर लाकडी नळी पोटाला लावून बाकीच्या दोघींच्या बाळांचे ठोके ऐकायची आणि नणंदेच्या खाटेपाशी आली की नुसते सलाईनचे थेंब वाढवून निघून जायची.

"माझे का नाही ऐकत?" तिने विचारलं.

"तुझे सकाळीच ऐकले. छान आहेत," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

अकराच्या सुमारास कळा जोरात सुरू झाल्या. माझ्या बाळंतपणात दोन कळांच्या मध्ये श्वास घ्यायला, पाणी प्यायला उसंत मिळाली होती. इथे तसं नव्हतं. एक ओसरायच्या आत दुसरी यायची. पुस्तकातली मराठी कधीच मागे पडली होती. "माय वं, मरस मी," म्हणत ती खाटेचा दांडा धरायची. ज्या आईला तिने धड पाहिलंही नव्हतं तिला हाका मारायची. मी नुसती "झालं, झालं, आता थोडंच" म्हणत राहिले. किती राहिलंय ते मला काय कळत होतं, कपाळ!

मग दुपारपाळीची आया आली. सगळे तिला मावशी म्हणत. साठीची, मिशरीने दात काळे झालेली, वाळकी बाई. चादरी बदलणं आणि फरशी पुसणं हे तिचं काम. बाळंतिणीजवळ बसायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. असं जवळ बसून धीर देण्याच्या कामाला हल्ली नाव आहे, त्याचं शिक्षण मिळतं म्हणे. तिच्यापाशी नुसते हात होते. तिने नणंदेला पाहिलं, मला पाहिलं आणि मला बाहेर नळापाशी घेऊन गेली.

"तिले सांगं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सांगी दे. रडी लेई, मंग जोर करी."

"आबांनी नको म्हटलंय."

"मी खोटं बोलस नही," ती म्हणाली. "मना तोंडावर दिखी येस. मी तिना मांगे बससू. पन तिनी इचारं, तर सांगसू."

आणि ती खरंच नणंदेच्या मागे जाऊन बसली, खाटेवर पाय वर घेऊन, तोंड दिसणार नाही अशी. कळ आली की कमरेच्या खाली मुठीने दाबून धरायची, ओसरली की हात सैल सोडायची. "दात आवळू नको माय. तोंड उघडं ठेव." मध्येच उठवून चार पावलं चालवायची, तेव्हा मी सलाईनची बाटली उंच धरून मागे जायची. "थोडंच राहिलं" असं ती एकदाही म्हणाली नाही. तरी नणंदेचा आरडाओरडा खाली उतरला आणि गाईच्या हंबरण्यासारखा खोल आवाज यायला लागला. मला मावशीचा राग येत होता. माझ्या हातून जे होत नव्हतं ते तिच्या हातून होत होतं, आणि वर ती मला खोटारडी ठरवून बसली होती. त्या दोघींना एकटं सोडायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण तीन वाजता आबांनी बोलावणं पाठवलं. बोदवडला ट्रंक कॉल लागत नव्हता, आणि आबांना ऐकूही कमी यायचं. मी पोस्टात गेले आणि परत यायला पाऊण तास लागला.

आले तेव्हा नणंदेचं तोंड धुतलेलं होतं. केस विंचरून घट्ट वेणी घातली होती. शेजारी तूप घातलेला चहा अर्धा प्यायलेला. ती शांत होती. मावशी मागेच बसली होती, मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.

तिला बरं वाटतंय, या आनंदात मी फार पुढे गेले. पिशवीतून मी शिवलेली कुंची काढली, पिवळ्या खणाची, आणि तिच्यापुढे धरली. "बघ, मोठी तर नाही ना होणार?"

तिने कुंचीचा बंद बोटांत धरून पाहिला. "छान शिवलीय, वहिनी," ती म्हणाली. मग कळ आली आणि तिने माझा हात घट्ट दाबला.

दिवेलागणीला ती मोकळी झाली. मुलगा होता. आता तिला कसं सांगायचं, म्हणून मी शब्द शोधत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मान वळवून मावशीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वहिनी, ती कुंची द्या." मावशीने बाळाला कुंची घालून तिच्या हातात दिलं. तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं. कुंची त्याच्याबरोबरच गेली.

तीन वर्षांनी तिला मुलगी झाली. त्या खेपेला ती माहेरी आली नाही. बाळ बघायला मी बोदवडला गेले आणि न राहवून विचारलं, "आमच्याकडे का नाही आलीस?"

ती मुलीला थोपटत होती. "त्या दिवशी तुम्ही पोस्टात गेलात ना, तेव्हा मी मावशीला विचारलं होतं," ती म्हणाली. "तिने सांगितलं. वहिनीला माहीत आहे का, तेही विचारलं. तेही सांगितलं."

माझ्या डोळ्यांपुढे एकदम ती कुंची आली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जिवाच्या आकांताने खोटं बोलत होतात. मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही तिथेच कोसळला असता. तुम्हाला कोण सांभाळणार होतं? मला तर अजून बाळंत व्हायचं होतं." तिचा आवाज चढला नाही. "तुमचा हात माझ्या हातात होता, वहिनी. पण तो धरून मला रडता येत नव्हतं."

मुलीसाठी शिवून नेलेली कुंची मी पिशवीतून काढलीच नाही.