दौलतरावांनी कपाळावर लिहिलेली वेळ

अल्लीपूरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात कापसाच्या जिनिंगमधल्या एका मजुराला बैलगाडीतून आणले. यंत्रात त्याचा हात चिरडला होता. दंडाला रुमाल करकचून बांधलेला पाहून मी तो सोडायला गेले.

"सोडू नका, बाई. रक्त उसळन," म्हणत कंपाउंडर दौलतरावांनी मला अडवले. रुमाल केव्हा बांधला ते गाडीवानाला विचारून त्यांनी ती वेळ शाईने मजुराच्या कपाळावर लिहिली आणि स्वतः त्याला वर्ध्याला पोचवले. हात गेला, माणूस वाचला. ही आमची पहिली ओळख.

दौलतराव पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जखमी शिपायांची शुश्रूषा करीत. कपाळावर वेळ का लिहिता, असे मी पुढे एकदा विचारले. हत्यारे उकळता उकळता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "आमच्याच गावचा महादेव होता माह्यासंगं. त्याच्या मांडीत गोळी लागली. म्या पट्टा आवळला, नावेत चढवलं. मांगून आणखी जखमी येऊन राह्यले होते. वेळ लिहाची राह्यली. वरून कांबळं पांघरलेलं, पट्टा कोणाले दिसला नाई, वेळेवर सैल केला नाई. दवाखान्यात पोचेपर्यंत पाय काळा पडला. थो त्यातच गेला."

आज जिनिंगमधले बरेच मजूर रक्त थांबवायला आणि वेळ लिहायला शिकले आहेत, ते दौलतरावांमुळेच.

गावी परतल्यावर महादेवच्या पत्नीला, काशीबाईंना, त्यांनी 'गोळी लागून गेला' एवढेच सांगितले होते. खरे सांगायला त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लागला. काशीबाई म्हणाल्या, "इतके दिवस काऊन लपवलं?" त्यानंतर त्या त्यांच्याशी बोललेल्या नाहीत.

काशीबाईंच्या पायाची जखम भरत नाही. दर सोमवारी दौलतराव पट्टी बदलायला जातात. एकदा मी सोबत होते. काशीबाईंनी पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवले. "वैनी, दुखलं तं सांगजा," दौलतराव म्हणाले. जखम धुऊन, पट्टी बांधून आम्ही निघालो.

दौलतरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे लिहू नये, असे मला वाटत होते. दौलतरावच म्हणाले, "लिहाचं असन तं हे बी लिहा. बाकीचं लोक लिहितीनच."

साठाव्या वर्षीही त्यांचे हात स्थिर आहेत. त्या हातांत बळ राहो, त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. आणि काशीबाईंनाही लाभो. त्यांचे दौलतरावांशी बोलायचे अजून राहिले आहे.